मोटारीचें स्थळ

'जुनें तें सोनें' ही म्हण ज्यानें प्रथम रूढ केली त्या गृहस्थाच्या दारांत मोटार नसावी, हें उघड आहे. सोन्याला गंज चढत नाहीं, सोनें पेट्रोल पीत नाहीं, आणि ऐन श्रावणांत खंडाळ्याच्या चढणीवर एकाएकीं बंद पडून तें आपल्याला मागच्या वाहनांचे शिव्याशाप ऐकवीत नाहीं. तरी देखील जुन्या मोटारींवर जीव जडलेलीं माणसें जगांत असतात, व मी त्यांपैकीं एक आहें. माझ्यापाशीं १९८८ सालची एक प्रीमिअर पद्मिनी आहे. आणि घरच्या रोजच्या कामाकाजाला जी दुसरी लहान गाडी आहे तीहि सहा वर्षें दुसऱ्याच्या दारांत नांदून मग आमच्याकडे आलेली आहे. नवी कोरी मोटार मीं आजवर एकहि घेतलेली नाहीं. ज्या घरांत थोरल्याचीं पुस्तकें धाकट्यानें वापरलीं आणि आजीचीं तांब्यापितळेचीं भांडीं नातसुनेच्या हातीं आलीं, त्या घरांत वाढलेल्या माणसाला यांत कमीपणा वाटण्याचें कारणच नाहीं.

या छंदामुळें एक बिनपगारी काम आपोआप माझ्याकडे चालून आलें आहे. नात्यांतलें, ओळखींतलें कोणी ना कोणी महिन्या-दोन महिन्यांनीं येतें आणि म्हणतें, "जरा एक गाडी पाहायला याल का?" मग रविवारीं सकाळीं आम्ही निघतों. विकणाऱ्यांच्या घरीं चहा होतो, पोहे होतात. ते गृहस्थ गाडीचे गुण भरभरून सांगतात आणि दोष विचारले म्हणजे क्षणभर छताकडे पाहतात. हा सारा प्रकार स्थळ पाहण्याच्या समारंभासारखाच असतो. म्हणूनच अशा प्रसंगीं आपल्या घरांतलीं वडील माणसें जो एक नियम पाळीत आलीं, तोच मीहि पाळतों. रूपावर जाऊं नये. घराण्याची चौकशी करावी.

मोटारीचें घराणें म्हणजे तिचा मागचा मालक. यंत्र मुकें असतें खरें. पण ज्यानें तें वापरलें त्याच्या साऱ्या संवयी तें अंगावर बाळगून असतें. वेळच्या वेळीं तेल बदलणारा, थंड इंजिन एकदम न रेटणारा, खड्डा दिसतांच वेग आंवरणारा असा एक मालक घ्या. आणि 'चालते आहे ना, मग खर्च कशाला?' म्हणणारा दुसरा घ्या. दोघांच्याहि गाड्या एकाच सालच्या, एकाच रंगाच्या असल्या तर बाजारांत त्यांच्या किमतींत फारसा फरक पडत नाहीं. प्रत्यक्षांत मात्र त्यांच्यांत जमीन-अस्मानाचें अंतर असतें. जुन्या मोटारीबरोबर मागच्या मालकाच्या संवयी आपल्या घरीं येतात, आणि पुढचीं पांच-सात वर्षें आपण फळें भोगतों तीं त्या संवयींचीं. खरेदींतलें सारें शहाणपण या संवयी वाचण्यांत आहे.

त्या वाचाव्या कशा? पहिली गोष्ट ही कीं, गाडी थंड असतांना पाहावी. आपण येणार म्हणून मालकानें ती आधींच फिरवून आणली असेल तर बॉनेटवर हात ठेवतांच कळतें. अशा वेळीं मी चहा घेतों, चार गोष्टी बोलतों व दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां येण्याची परवानगी मागतों. थंड इंजिन सुरू होतांना जें बोलतें तें खरें बोलतें. मागच्या नळींतून निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळीत आहे; काळा आला तर पेट्रोल अधिक व हवा कमी पडत आहे; आणि इंजिन चांगलें तापल्यावरहि दाट पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी जेथें जाऊं नये तेथें जात आहे. काळ्या धुराचा इलाज पुष्कळदां थोडक्यांत होतो. उरलेल्या दोहोंचा इलाज इंजिन उघडल्यावांचून सहसा होत नाहीं. तेल भरावयाच्या तोंडाचें झांकण काढून आंतल्या बाजूनें पाहावें. तेथें ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका लगदा दिसला तर तेलांत पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा.

दुसरी गोष्ट पत्र्याची. इंजिन दुरुस्त होतें. सडलेला पत्रा मात्र घराच्या वाळवीसारखा असतो, एका जागीं झांकला कीं दुसरीकडे निघतो. मुंबई व कोंकणपट्टींतल्या खाऱ्या हवेंत राहिलेल्या गाड्यांना हें दुखणें विशेष. म्हणून पायाखालच्या चटया उचलाव्या, डिकींतलें जादा चाक काढून त्याखालचा खळगा पाहावा, बॅटरीखालचा पत्रा पाहावा, दारांच्या खालच्या कडांवर बोटांच्या पेरांनीं वाजवून पाहावें. माझ्या खिशांत मऊ फडक्यांत गुंडाळलेलें एक लहानसें लोहचुंबक असतें. पत्र्याच्या जागीं लांबी भरून वर रंग मारला असेल तर तेथें तें चिकटत नाहीं. सांगणाऱ्याच्या शब्दापेक्षां मला त्या दोन रुपयांच्या चुंबकाचा शब्द अधिक प्रमाण वाटतो.

मग येतात खोटें बोलूं न शकणाऱ्या बारीकसारीक वस्तू. मीटरवरचे आंकडे मागें फिरवितां येतात. आणि जुन्या पुष्कळ गाड्यांच्या मीटरांत तर पांचच आंकडे असत, म्हणजे लाख किलोमीटर झाले कीं गाडी पुन्हां बाल्यावस्थेंत जाई. पण ब्रेकच्या पायपट्टीवरचें रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि चालकाच्या आसनाची उजवी कड यांना मागें फिरवितां येत नाहीं. मीटर चाळीस हजार म्हणत असेल आणि रबर झिजून गुळगुळीत झालें असेल, तर मी रबराचें ऐकतों. टायरच्या कुशीवर शेवटीं चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानें कडक होतें व त्याला भेगा पडतात. सीटबेल्ट अगदीं शेवटपर्यंत ओढून पाहावा. एरवीं गुंडाळून राहणाऱ्या त्या भागावर मळकट पाण्याची रेघ असेल तर गाडी कधींतरी पुरांत बुडालेली आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरदूरच्या गांवीं विकल्या गेल्या, आणि तेव्हांपासून ही रेघ पाहण्याची संवय मला जडली.

सर्वांत शेवटीं मी मालकाला एकच प्रश्न विचारतों: "शेवटचें तेल केव्हां बदललें?" जो 'झालें असेल दिवाळीच्या सुमारास' म्हणतो त्याच्या गाडीची किंमत मी मनांतल्या मनांत उतरवितों. जो उठून आंत जातो आणि पावत्यांची फाइल घेऊन येतो, त्याची गाडी रंगानें थोडी विटलेली असली तरी मला प्रिय होते. आणि ठरलेल्या किमतीवर आणखी एक-तृतीयांश रक्कम जवळ नसेल तर ती गाडी मी कोणालाहि घेऊं देत नाहीं. टायर, बॅटरी, ब्रेकच्या व पाण्याच्या रबरी नळ्या, इंजिनाचा टायमिंग पट्टा असेल तर तो, आणि सगळीं तेलें हीं पहिल्या दोन महिन्यांतच बदलून घ्यावीं. ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें, व अशा पाणावलेल्या तेलाला घाटाच्या उतारावर उकळी फुटली तर पाय नुसताच खालीं जातो. हा खर्च ज्याला डोईजड वाटतो त्याला गाडीच परवडत नाहीं, असें समजावें.

मोटारीलाहि आश्रम असतात असें माझें मत आहे. पांच ते आठ वर्षांची गाडी गृहस्थाश्रमांत असते. नव्या गाडीची किंमत पहिल्या कांहीं वर्षांत जितक्या वेगानें उतरते तितकी पुढें उतरत नाहीं. तो उतार पहिल्या मालकानें सोसलेला असतो, आणि नीट राखलेल्या यंत्राचें बरेंच आयुष्य अजून शिल्लक असतें. ज्याला घरच्यांची ने-आण करावयाची आहे व मोटारीचा छंद नाहीं, त्यानें याच वयाची गाडी पाहावी.

बारा ते वीस वर्षांची गाडी ही वानप्रस्थाश्रमी. रबर, प्लास्टिक, तारा हीं सारीं एकदमच थकूं लागतात. तिच्यांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांचा पुरवठा आटत आलेला असतो. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें पंधरा वर्षें पुरीं झालीं कीं नोंदणीचें नूतनीकरण करून घ्यावें लागतें, तेंहि पांच पांच वर्षांपुरतेंच. मोटारीच्या या नूतनीकरणाची फी पूर्वीं ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरील मोटारींना २०२५ सालीं १०,००० रुपये लावण्यांत आले. महाराष्ट्रांत पर्यावरण कर निराळा. आपल्याच दारांत, आपल्या डोळ्यांदेखत या वयाला आलेली गाडी खुशाल ठेवावी, कारण तिच्या संवयी आपल्याच असतात. परकी मात्र शक्यतो आणूं नये. दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचें रहस्यहि येथेंच आहे. दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राजधानीच्या प्रदेशांत जी बंदी आली, व जी सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं कायम केली, तिच्यामुळें तेथील मालक गाड्या काढूं लागले. पुढें या बंदींत फेरफार होत आले. पण परराज्यांतली गाडी घेणाऱ्यानें तेथील ना-हरकत दाखला व येथील रस्ता-कर हे दोन्ही खर्च किमतींत धरूनच ती स्वस्त कीं महाग हें ठरवावें.

तिसाव्या वर्षापलीकडची गाडी चतुर्थाश्रमांतली. ती उपयोगासाठीं घ्यावयाची नसते. सरकारनेंहि २०२१ च्या नियमांत, पन्नास वर्षें पुरीं झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली आणि त्याबरोबर त्यांच्या नित्याच्या वापराला मनाई केली. संन्याशानें पुन्हां बाजारहाटाला निघूं नये, हें आपल्या शास्त्राशीं जुळणारेंच झालें.

माझा पुतण्या गेल्या वर्षीं नोकरीला लागला, आणि पहिल्या सहा महिन्यांतच एका बड्या परदेशी गाडीचें छायाचित्र घेऊन माझ्यापुढें आला. गाडी चौदा वर्षांची, काळीभोर, चामड्याच्या आसनांची. "काका," तो म्हणाला, "चाळीस लाखांची गाडी साडेपांच लाखांत मिळते आहे!" मीं म्हटलें, "बाळ, गाडी साडेपांच लाखांची झाली आहे. पण तिचा गिअरबॉक्स अजून चाळीस लाखांच्या गाडीचाच आहे." तो हंसला, पण त्याला तें पटलें नाहीं. तेव्हां मीं त्याला दोन-तीन सुट्या भागांच्या किमती स्वतः विचारून यायला सांगितलें. मागचे-पुढचे धक्काशोषक, एक दिवा आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती एवढ्याचाच अंदाज त्यानें आणला, व त्या कागदाची घडी घालून तो पुढें एक अक्षर बोलला नाहीं. जुन्या भारी गाडीची किंमत उतरते, तिच्या भागांची उतरत नाहीं. हें एक सूत्र तरुणांनीं ध्यानांत ठेवलें तर कित्येक पगार वांचतील. पुढें त्यानें सात वर्षांची एक साधी गाडी घेतली. ती त्याच्या मित्रांत मिरविण्यासारखी नाहीं. परंतु ती त्याला रोज कचेरींत वेळेवर पोंचविते, आणि महिनाअखेर त्याच्या खिशांत कांहीं उरतें.

असा उपदेश करणाऱ्यानें स्वतः पद्मिनी कां बाळगावी, असें वाचक विचारतील. तिला उपयोगाचें नांव मी देत नाहीं. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं मुंबईंत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊं लागली, आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचें नांव घेऊन हीच गाडी 'पद्मिनी' झाली. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन, स्टिअरिंगच्या खांबालाच जडविलेला गिअरचा दांडा, आणि पुढें इंजिन असून मागच्या चाकांना ओढ. ज्यांनीं 'डुक्कर फियाट' पाहिली आहे त्यांना ही तिची धाकटी बहीण वाटेल. त्या काळीं नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. त्यामुळें घरांत गाडी येणें ही मुंजीसारखी घटना असे, आणि आलेली गाडी सहसा कोणी सोडीत नसे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत तर पद्मिनी इतकी रुळली कीं तिच्यावांचून शहराचें चित्र पुरें होईना. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरतांच ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्या दिवसापासून माझ्या गाडीकडे पाहून लोक थांबूं लागले आहेत. सिग्नलवर एखादे पांढऱ्या केसांचे गृहस्थ कांच खालीं करून "आमच्याकडे होती हो!" म्हणतात, आणि दिवा हिरवा होईपर्यंत त्यांचें सारें बालपण मला ऐकायला मिळतें.

या आनंदाची किंमत मात्र हातांनीं मोजावी लागते. पूर्वींच्या पेट्रोलांत शिसें असे व तें झडपांच्या बैठकींचें रक्षण करी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलें. तें माणसांच्या फुफ्फुसांना व मुलांच्या मेंदूला हितकर झालें हें निर्विवाद, पण ज्या जुन्या इंजिनांच्या बैठका मऊ लोखंडाच्या होत्या त्या झिजूं लागल्या, व कठीण धातूच्या बसवून घेणें भाग पडलें. आतां पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलें आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबराला मानवत नाहीं. म्हणून पेट्रोलच्या नळ्या त्याला टिकणाऱ्या जातीच्या बसवाव्या लागतात, आणि टांकींत महिनोन् महिने पेट्रोल पडूं देतां येत नाहीं. चालविण्यापेक्षां उभी ठेवण्यानेंच जुनी गाडी अधिक बिघडते. एका पावसाळ्यांत सहा आठवडे ती जागची हालली नाहीं, तेवढ्यांत गणपतीच्या वाहनानें माझ्या वाहनाच्या तारा कुरतडून ठेवल्या. तेव्हांपासून दर रविवारीं ती वीस किलोमीटर तरी फिरते. तिचे भाग पुण्याच्या नाना पेठेंत किंवा कुर्ल्याच्या जुन्या बाजारांत शोधावे लागतात. आणि तिचा कार्ब्युरेटर कानानें जुळविणारे मिस्त्री सत्तरीच्या घरांत आहेत. त्यांच्या हाताखालीं शिकलेला मुलगा संगणक लावून दोष शोधण्यांत पटाईत आहे, पण या गाडीला संगणक लावायचा कोठें?

याहून मोठी गोष्ट जिवाची. माझ्या पद्मिनीच्या चारहि चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत. एअरबॅग नाहीं, चाकें अडकूं न देणारी एबीएस ही योजना नाहीं. नव्या मोटारींत चालकासाठीं एअरबॅग व ही एबीएस योजना २०१९ पासून सक्तीची झाली, ती उगाच नव्हे. आमच्या वहिनी एकदां शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा जीव त्या गाडींत आहे हें कळतें, पण मुलांचा जीवहि त्याच गाडींत असतो." यावर कोणत्याहि मोटारवेड्यापाशीं उत्तर नसतें, आणि नसावेंहि. आमच्या घरचा नियम त्या दिवसापासून ठरलेला आहे: लांबचा प्रवास, द्रुतगती मार्ग, रात्रीची वेळ, आणि मुलें किंवा आई बरोबर असणें, यांपैकीं एकहि गोष्ट असली तर दुसरी गाडी निघते. पद्मिनी गांवांतल्या गांवांत, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, मी एकटा. तिचा धूरहि आजच्या गाडीपेक्षां कितीतरी मळकट असतो. धूर-तपासणीचा दाखला खिशांत असला म्हणून तो धूर नाहींसा होत नाहीं. म्हणून वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर हीच मीं तिची मर्यादा ठरविली आहे. आपल्या छंदाचा त्रास दुसऱ्याला किती द्यावयाचा, याला हिशेब असला पाहिजे.

आतां ज्या एका गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनीं आपली जुनी गाडी एका दलालामार्फत विकली. पैसे रोख मिळाले, हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांवर कोऱ्या सह्या देऊन त्यांनीं किल्ली हवालीं केली, आणि पेढे वांटले. दीड वर्षानें मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरीं आली. परजिल्ह्यांत त्या गाडीनें एका सायकलस्वाराला उडविलें होतें. त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. गाडी तोंपर्यंत तीन हात फिरली होती, विमा संपलेला होता, आणि नोंदणींत नांव अजून मास्तरांचेंच होतें. दलालाचा दूरध्वनि लागेना. मास्तर म्हणत राहिले, "मीं तर ती विकली!" पण ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें आहे कीं, नोंदणींत ज्याचें नांव तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, व भरपाईची जबाबदारी त्याची. हा नियम कठोर वाटतो; परंतु त्या सायकलस्वाराच्या बाजूनें विचार करावा. अंथरुणांत पडलेल्या माणसानें गाडी कोणी कोणाला विकली हें हुडकीत कोणकोणाच्या दारीं जावें? त्याला एकच नांव दिसतें, तें नोंदणीपुस्तकावरचें. दावा अजून चालू आहे. मास्तर तारखेच्या दिवशीं डबा घेऊन एस. टी. नें जातात, आणि त्यांच्या पेन्शनचा बराच भाग वकिलाकडे जातो.

म्हणून गाडी विकणाऱ्या प्रत्येक घराला माझें आग्रहाचें सांगणें आहे. कोऱ्या अर्जावर सही कधींहि देऊं नये. किल्ली देतांना दिवस, वेळ व मीटरचा आंकडा लिहून घेणाऱ्याची सही व ओळखीच्या कागदाची प्रत घ्यावी. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली तर चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयाला कळविणें हें विकणाऱ्याचें काम आहे, व तीस दिवसांत नांव बदलून घेणें हें घेणाऱ्याचें. दलाल दोघांचेंहि करील म्हणून दोघांनींहि स्वस्थ बसूं नये. कर्ज फिटलें असल्यास नोंदणीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्यावा. सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर घेणाऱ्याचें नांव आपल्या डोळ्यांनीं पाहीपर्यंत गाडी आपलीच आहे असें धरून चालावें. घरांतील कर्ता पुरुष गेला व गाडी त्याच्या नांवावर असली, तर दुःखाच्या दिवसांत हें सुचत नाहीं. तरी तीन महिन्यांच्या आंत ती वारसाच्या नांवें करण्यासाठीं अर्ज करावा, आणि मगच विकण्याचा विचार करावा. घेणाऱ्यानेंहि विम्याचें नांव चौदा दिवसांत बदलून घ्यावें.

घेणाऱ्यानें मागच्या मालकाचें घराणें पाहावें असें मीं वर म्हटलें. आपणहि एक दिवस कोणाचे तरी मागचे मालक होणार असतों, हें मात्र आपल्या लक्षांत राहत नाहीं. माझ्या दोन्ही गाड्यांची एक एक वही आहे, साधी, दोनशें पानी, लाल पुठ्ठ्याची. तेल केव्हां बदललें, कोणता भाग कोठून आणला, किती पैसे पडले, कोठें ठोकर लागली व ती कशी दुरुस्त केली, हें सारें तारीखवार तींत लिहिलेलें आहे; ज्या गोष्टींनीं किंमत कमी होईल त्याहि लिहिलेल्या आहेत. घरची लहान गाडी आतां बाराव्या वर्षांत आहे. माझ्याच मताप्रमाणें ती वानप्रस्थाच्या उंबरठ्यावर आली, व येत्या वर्षीं तिला दुसरें घर पाहावें लागेल. ती पाहायला जे कोणी येतील त्यांनीं सकाळीं यावें, गाडी थंड असेल. बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी, आणि चहा होईपर्यंत ती वही निवांत वाचावी.